प्रस्तावना : थोरल्यांचे वतन, धाकट्यांची कीर्ती

अकरावीच्या वर्गात गुरुत्वाकर्षणाचा पाठ शिकताना ज्याच्या तुलेची आकृती आपल्याकडच्या विज्ञानशाखेच्या विद्यार्थ्याने वहीत कधी ना कधी काढलेली असते, तो हेन्री कॅव्हेंडिश. आणि जळगाव जिल्ह्यात रावेर-यावलच्या मळ्यांतून बसराई, श्रीमंती, ग्रँड नैन या जातींची जी केळी गाड्या भरभरून परगावी जातात, त्या सर्व जातींना शास्त्रीय वर्गीकरणात ज्या एका नावाखाली बसविले आहे, ते नावही कॅव्हेंडिश. तुलेचे शिशाचे गोळे आणि केळीचा घड यांचा परस्परांशी काही संबंध असेल, असे ना त्या विद्यार्थ्याच्या मनात येते, ना त्या बागाईतदाराच्या. वस्तुतः ही दोन्ही नावे एकाच इंग्रज उमराव घराण्यातून आलेली आहेत. त्या घराण्यातील काही ठळक स्त्री-पुरुषांची चरित्रे पुढील पृष्ठांत कालानुक्रमाने येत असून, ती वाचण्यापूर्वी त्या सर्वांना जोडणारे सूत्र वाचकाच्या हाती द्यावे, एवढ्याच हेतूने ही प्रस्तावना लिहिली आहे.

आपल्याकडे वतन म्हटले की पाठोपाठ भाऊबंदकी आलीच. पाटीलकी असो, देशमुखी असो वा कुलकर्ण असो, बापाच्या पश्चात मुलांच्या तक्षिमा पडत, एका वतनाचे दोन आणि दोहोंचे चार वाटे होत, आणि शिरपाव प्रथम कोणी घ्यावा, पोळ्याचा बैल कोणाचा पुढे निघावा, अशा मानपानाच्या तंट्यांच्या निवाड्यांनी आपली जुनी दफ्तरे भरून गेली आहेत. इंग्लंडच्या उमराव वर्गाने याच्या अगदी उलट रीत पत्करली. तेथे किताब, वाडा आणि जमीन ही सारी ज्येष्ठ पुत्राकडे जावयाची. धाकट्यांच्या वाट्याला वर्षासन, पार्लमेंटातील एखादी जागा, लष्करातील वा धर्मखात्यातील एखादा हुद्दा. आणि मुलींच्या वाट्याला लग्नातील देणे. या ज्येष्ठाधिकारामुळे जहागिरीचे तुकडे पडले नाहीत, आणि १५४९ मध्ये खरेदी केलेली चॅट्सवर्थची मिळकत पावणेपाचशे वर्षांनंतरही त्याच वंशाच्या नावाशी जोडलेली राहिली. परंतु संपत्ती एका हाती ठेवण्याची व्यवस्था करता आली, तरी बुद्धी एका हाती ठेवण्याची व्यवस्था कोणत्याही कायद्याला करता येत नाही. कॅव्हेंडिश हे नाव ज्यांच्यामुळे जगभर झाले, त्यांची यादी केली तर तीत धाकट्या पातीचे पुत्र आहेत, बाहेरून आलेल्या सुना आहेत, मुलीच्या पोटची नातवंडे आहेत, पगारी शिक्षक आहे आणि एक माळीही आहे. किताबाचे धनी मात्र त्या मानाने थोडे. वतन थोरल्यांकडे गेले आणि कीर्ती इतरांकडे गेली, असे या घराण्याच्या इतिहासाचे सार सांगता येईल, आणि जे थोरले मोठे ठरले ते या इतरांना जागा करून देण्याच्या दानतीमुळे ठरले, असेही त्याला जोडून सांगावे लागेल.

घराण्याचे नाव सफोक परगण्यातील कॅव्हेंडिश या लहानशा गावावरून पडले. इतिहासात प्रथम ठळकपणे दिसतो तो सर जॉन कॅव्हेंडिश. तो राजाच्या वरिष्ठ न्यायालयाचा मुख्य न्यायाधीश होता, आणि १३८१ च्या शेतकऱ्यांच्या बंडात जमावाने त्याला पकडून त्याचा शिरच्छेद केला. त्यानंतर दीड शतक हे कुळ मध्यम प्रतिष्ठेचेच राहिले. त्याचे भाग्य उघडले ते आठव्या हेन्रीच्या काळात, आणि तेही तलवारीने उघडले नसून हिशेबाच्या वहीने उघडले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. राजाने पोपशी संबंध तोडून देशातील मठ खालसा करण्यास आरंभ केला, तेव्हा मठामठांतून फिरून त्यांच्या जमिनी, भांडी, घंटा आणि उत्पन्न यांची मोजदाद करणाऱ्या अंमलदारांत विल्यम कॅव्हेंडिश हा एक होता. शतकानुशतकांच्या देवस्थान इनामांची अशी जप्ती चालू असता, मोजदाद करणाऱ्याच्या हाती स्वस्तात जमिनी लागाव्यात हे त्या काळाच्या रीतीला धरूनच झाले. १५४६ मध्ये तो राजाच्या खासगीचा खजिनदार झाला. तीन वर्षांनी त्याने डर्बीशायरमध्ये डरवेंट नदीकाठचे चॅट्सवर्थ ६०० पौंडांस विकत घेतले. १५५७ मध्ये त्याच्या हिशेबाची तपासणी झाली, तेव्हा ५००० पौंडांहून अधिक रकमेची तूट निघाली, आणि तिचा उलगडा होण्यापूर्वीच तो मरण पावला. घराण्याच्या मूळ पुरुषाची ही हकीकत झाकून ठेवण्याचे कारण नाही. मोठी घराणी कोणत्या पैशांवर उभी राहतात हे वाचकाला कळले, तरच पुढे त्या पैशांचे काय झाले याचे मोल त्याला करता येईल.

सरकारी येण्याचा तगादा, पदरी लहान मुले आणि अर्धवट बांधलेला वाडा एवढे मागे ठेवून विल्यम गेला, आणि घराण्याची खरी संस्थापिका पुढे आली. ती त्याची विधवा एलिझाबेथ. इतिहास तिला हार्डविकची बेस या नावाने ओळखतो. डर्बीशायरमधल्या एका बेताच्या जमीनदाराची ही मुलगी चार वेळा विवाहबद्ध झाली आणि चारही वेळा विधवा झाली. प्रत्येक विवाहाने तिचा दर्जा एक पायरी वर चढला, परंतु मुले झाली ती एकट्या कॅव्हेंडिशपासून, आणि चारही संसारांतून जमलेले सारे तिने त्या मुलांच्या नावे बांधून ठेवले. चौथा नवरा श्रूजबरीचा अर्ल हा देशातील अग्रगण्य श्रीमंतांपैकी एक. त्याच्याशी लग्न करताना तिने आपल्या एका मुलाचा आणि एका मुलीचा विवाह त्याच्या मुलीशी आणि मुलाशी लावून दिला, म्हणजे मिळकतीच्या गाठी तिहेरी बसल्या. याच श्रूजबरीच्या स्वाधीन राणी एलिझाबेथने १५६९ मध्ये स्कॉटलंडची पदच्युत राणी मेरी हिला नजरकैदेत ठेवले, आणि पुढील पंधरा वर्षांतील कित्येक दुपारी एक बंदिवान राणी आणि तिच्या पहाऱ्यावरील सरदाराची बायको अशा दोघी जणी समोरासमोर बसून कशिदा काढीत राहिल्या. त्या भरतकामाचे काही नमुने आजही जपलेले आहेत.

बेसचे मोठेपण पाहावयाचे तर तिच्या हिशेबाच्या वह्यांत पाहावे. कारभाऱ्याने लिहिलेल्या खर्चाच्या पानांखाली तिची स्वतःची सही आहे. गवंडी, सुतार, काचगार यांची मजुरी तिच्या नजरेखालून गेल्याखेरीज चुकती होत नसे. साठी ओलांडल्यावर, १५९० मध्ये, तिने हार्डविक येथे नवा वाडा बांधावयास घेतला आणि सात वर्षांत पुरा केला. काच महाग असण्याच्या त्या काळात या वाड्याच्या दर्शनी बाजूस भिंतीपेक्षा खिडक्याच अधिक दिसतात, वरच्या मजल्यांकडे जावे तसतशा त्या उंच होत जातात, आणि मनोऱ्यांच्या कठड्यांवर तिच्या नावाची आद्याक्षरे माणसाहून उंच अशा दगडी अक्षरांत कोरलेली आहेत. नवऱ्याचे चिन्ह घरावर लावावे अशा युगात एका स्त्रीने स्वतःचे नाव आकाशाच्या पार्श्वभूमीवर उभे केले. १६०८ मध्ये ती वारली. दहा वर्षांनी तिच्या दुसऱ्या मुलाला, विल्यमला, डेव्हनशायरचा अर्ल हा किताब मिळाला. जमिनी डर्बीशायरमध्ये आणि किताब डेव्हनशायरचा, ही विसंगती पुढे सर्वत्र भेटणार असल्याने वाचकाने ती येथेच लक्षात ठेवावी.

बेस वारली त्याच वर्षी ऑक्सफर्डमधून नुकताच बाहेर पडलेला वीस वर्षांचा एक तरुण या घरात मुलाचा शिक्षक म्हणून नोकरीस लागला. त्याचे नाव टॉमस हॉब्ज. शिष्य जवळजवळ गुरूच्याच वयाचा होता. मधले काही खंड सोडले तर हॉब्ज जन्मभर या घराच्या आश्रयास राहिला. त्यांच्या ग्रंथालयात वाचला, त्यांच्या मुलांबरोबर युरोप हिंडला, आणि राज्यसंस्थेच्या मुळाशी भय आणि करार आहेत असे सांगणारा त्याचा ‘लेव्हायथन’ १६५१ मध्ये प्रसिद्ध झाल्यावर धर्ममार्तंडांनी त्याच्यावर नास्तिक्याचा शिक्का मारला, तरी कॅव्हेंडिशांनी त्याला अंतर दिले नाही. एक्क्याण्णव वर्षांचा होऊन १६७९ मध्ये तो हार्डविकच्याच वाड्यात मरण पावला. लोकांना न रुचणारा विचारवंत म्हातारपणी घरात ठेवून घेणे ही साधी गोष्ट नव्हती.

बेसच्या तिसऱ्या मुलाच्या, चार्ल्सच्या, वंशात न्यूकॅसलची शाखा निघाली. चार्ल्सचा मुलगा विल्यम हा अश्वविद्येचा युरोपभर मान्य आचार्य आणि यादवी युद्धात राजपक्षाचा उत्तरेकडील सेनापती. १६४४ मध्ये मार्स्टन मूरला पराभव होताच तो देश सोडून गेला आणि अँटवर्पमध्ये चित्रकार रूबेन्सच्या घरात भाड्याने राहून घोडे शिकवीत राहिला. परंतु या शाखेचे खरे भूषण म्हणजे परागंदा अवस्थेत त्याने जिच्याशी लग्न केले ती मार्गारेट. स्त्रीने लिहिले तरी नाव लपवावे असा दंडक असता तिने आपल्या नावाने काव्य, नाटके, तत्त्वचर्चा आणि चरित्रे छापली. १६६६ मध्ये तिने एका कल्पित जगाची कथा लिहिली, तिची गणना आज वैज्ञानिक कादंबरीच्या पूर्वजांत होते. ३० मे १६६७ या दिवशी ती लंडनच्या रॉयल सोसायटीच्या सभेस गेली. त्या सभागृहात पाहुणी म्हणून पाऊल टाकणारी ती पहिली स्त्री. तिच्यापुढे हवेचे वजन करून दाखविण्यात आले, इतर प्रयोग झाले, आणि ती परत गेली. त्या संस्थेने स्त्रियांना सभासद म्हणून प्रथम घेतले ते १९४५ मध्ये. मधे २७८ वर्षे लोटली होती.

थोरल्या शाखेतील किताबाच्या धन्यांपैकी दोघांचा उल्लेख येथे पुरे. चौथा अर्ल विल्यम याने १६८८ मध्ये हॉलंडच्या विल्यमला इंग्लंडात पाचारण करणाऱ्या पत्रावर सही केली. राजद्रोहाला देहान्त प्रायश्चित्त असताना त्या पत्रावर सह्या करणारे सात जणच होते. क्रांती यशस्वी झाली, आणि १६९४ मध्ये तो डेव्हनशायरचा पहिला ड्यूक झाला. आजचे चॅट्सवर्थ मुख्यतः त्याने बांधले. चौथा ड्यूक १७५६ च्या नोव्हेंबरात, इतरांचे जमेना म्हणून, जेमतेम सात-साडेसात महिन्यांपुरता पंतप्रधान झाला, आणि त्याच्या कारकिर्दीच्या अगदी शेवटच्या दिवसांत, २३ जून १७५७ रोजी, त्याला वार्ताही नसताना, बंगालमध्ये प्लासीची लढाई झाली. आपल्या देशाचे भवितव्य ज्या दिवशी फिरले, त्या दिवशी लंडनमध्ये पंतप्रधान कॅव्हेंडिश होता. त्या घटनेत त्याचा हात नव्हता, हेही तितकेच खरे.

आता ज्याच्यासाठी हे पुस्तक प्रथम मनात आले, त्याच्याकडे वळतो. दुसऱ्या ड्यूकचा धाकटा मुलगा लॉर्ड चार्ल्स. त्याचा मुलगा हेन्री, जन्म १७३१. धाकट्याचा मुलगा म्हणून त्याला किताबाची आशा नव्हती. केंब्रिजमध्ये पदवी न घेताच तो बाहेर पडला आणि बापाच्या प्रयोगांत मदतनीस झाला. पुढे वारशाने त्याच्याकडे अपार धन आले, तरी त्याचा पोशाख जुन्या तऱ्हेचा आणि विटका राहिला, जेवणाची सूचना तो चिठ्ठीवर लिहून ठेवी, आणि मोलकरणीशी जिन्यात गाठ पडू नये म्हणून त्याने घराला मागच्या अंगाने दुसरा जिना बांधून घेतला, असे त्याचे चरित्रकार सांगतात. त्याचे ग्रंथालय अभ्यासकांना खुले होते, आणि स्वतःचेच पुस्तक घरी नेताना तोही इतरांप्रमाणे पावती लिहून ठेवी, अशीही आठवण आहे. हायड्रोजन हा स्वतंत्र वायू आहे हे त्याने १७६६ मध्ये दाखविले. पाणी हे मूलतत्त्व नसून दोन वायूंच्या संयोगाने होते, हे त्याच्या प्रयोगांनी पुढे सिद्ध झाले. १७८५ मध्ये त्याने हवेतून विजेच्या ठिणग्या पाडून तिच्यातले सारे शोषून घेतले, तेव्हा नळीत शेवटी एक बुडबुडा उरला. मूळ वायूच्या १२० व्या हिश्श्याहून अधिक नसलेला तो बुडबुडा त्याने टाकून न देता नोंदून ठेवला. त्या नोंदीचा अर्थ १८९४ मध्ये लागला : तो आर्गॉन होता.

परंतु सर्वांत मोठा प्रयोग त्याने वयाच्या सहासष्टाव्या वर्षी केला. जॉन मिचेल नावाच्या धर्मोपदेशकाने कल्पिलेले उपकरण, मिचेलच्या मृत्यूनंतर, त्याच्या हाती आले होते. क्लॅपहॅम येथील घराच्या आवारात, एका बंद खोलीत, सहा फुटी लाकडी दांडी तारेने आडवी टांगलेली. तिच्या दोन टोकांना दोन इंच व्यासाचे शिशाचे लहान गोळे. आणि त्यांच्या शेजारी आणता येतील असे, प्रत्येकी सुमारे १५८ किलो वजनाचे दोन मोठे गोळे. मोठ्याने लहानाला ओढावे आणि तार किंचित पिळली जावी, एवढेच पाहावयाचे. हे आकर्षण लहान गोळ्याच्या वजनाच्या पाच कोटींश भागाएवढेही भरत नसल्याने माणसाच्या अंगाची ऊब किंवा दारातून येणारी झुळूक हिशेब बिघडविण्यास पुरेशी होती. म्हणून खोलीचे दार बंद करून, बाहेरून दोऱ्या ओढून तो गोळे हलवी आणि भिंतीतल्या भोकाला बसविलेल्या दुर्बिणीतून मंद दिव्याच्या उजेडात दांडीच्या टोकावरची मापरेषा वाची. तासन्‌तास, महिनोन्‌महिने त्याने हे केले. पृथ्वीची घनता पाण्याच्या ५·४८ पट आहे, असा निष्कर्ष त्याने १७९८ मध्ये प्रसिद्ध केला. आज मान्य असलेला आकडा ५·५१ आहे. एका मितभाषी माणसाने बागेतल्या खोलीबाहेर उभे राहून साऱ्या पृथ्वीचे वजन घेतले. विजेसंबंधीचे त्याचे कितीतरी शोध तर कागदांच्या गठ्ठ्यांतच राहिले. विजेचे मापक यंत्र नसल्याने तो स्वतःच्या शरीराला धक्का घेऊन त्याच्या तीव्रतेवरून प्रवाहाची तुलना करीत असे, हे भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलने ते कागद १८७९ मध्ये संपादून छापले तेव्हा जगाला कळले.

हेन्री प्रयोगांत गढलेला असताना थोरल्या घरात पाचव्या ड्यूकची पत्नी जॉर्जियाना नांदत होती. १७८४ च्या वेस्टमिन्स्टरच्या निवडणुकीत चार्ल्स जेम्स फॉक्ससाठी तिने रस्त्यावर उतरून कसाई-चांभारांच्या दुकानी मते मागितली, आणि उमराव स्त्रीने असे करावे याबद्दल व्यंगचित्रकारांनी तिची अनन्वित विटंबना केली. जुगाराच्या कर्जाने तिचे आयुष्य करपले. पण तिने जमविलेला खनिजांचा संग्रह चॅट्सवर्थला आजही आहे.

तिचा मुलगा सहावा ड्यूक अविवाहित राहिला, आणि थोरल्यांच्या दानतीचे सर्वांत सुंदर उदाहरण त्याच्याच चरित्रात सापडते. चिझिकच्या त्याच्या वाड्याला लागून असलेल्या उद्यानसंस्थेच्या बागेत जोसेफ पॅक्स्टन नावाचा शेतकऱ्याचा मुलगा काम करी. बागेत गाठी पडत, बोलणे होई, आणि ड्यूकने त्याला वयाच्या बाविसाव्या वर्षी चॅट्सवर्थचा मुख्य माळी नेमले. ९ मे १८२६ च्या पहाटे साडेचार वाजता पॅक्स्टन तेथे पोहोचला. दार उघडावयास कोणी नव्हते, म्हणून कुंपण ओलांडून आत शिरला, सारी बाग पायांखाली घातली, सहा वाजता गड्यांना कामे वाटून दिली, आणि नाश्त्याला कारभारणीकडे गेला तो तिच्या भाचीच्या प्रेमात पडला. नऊ वाजण्यापूर्वी आपले पहिल्या सकाळचे काम पुरे झाले, असे त्यानेच पुढे नमूद केले आहे. याच पॅक्स्टनने उबदार काचघरात वाढविलेल्या एका ठेंगण्या केळीला १८३५ च्या नोव्हेंबरात फुलोरा आला. केळीची ही जात मूळची आशियातली, मॉरिशसमार्गे इंग्लंडात आलेली. पॅक्स्टनने तिला धन्याचे कुलनाम दिले, आणि ड्यूकने तिची रोपे एका मिशनऱ्याबरोबर सामोआ बेटांवर धाडली. आज जगाच्या व्यापारातील केळी बहुतांशी याच गटाची आहेत. १८५० च्या जूनमध्ये रेल्वेच्या एका बैठकीत बसून पॅक्स्टनने टिपकागदावर एक आराखडा रेखाटला. पुढील वर्षी लंडनच्या हाइड पार्कमध्ये काच आणि लोखंड यांचा क्रिस्टल पॅलेस त्यातूनच उभा राहिला, आणि ६० लाखांहून अधिक माणसे त्यात येऊन गेली. ड्यूकचे मोठेपण असे की, माळ्याच्या मोठेपणाचा त्याला कधी मत्सर वाटला नाही; तो त्याला मित्र म्हणत असे.

मुलीच्या पोटी आलेल्या कीर्तीचा दाखला आपल्या इतिहासातच आहे. चौथ्या ड्यूकची कन्या डोरोथी पोर्टलंडच्या ड्यूकला दिली होती. तिचा धाकटा मुलगा म्हणजे लॉर्ड विल्यम कॅव्हेंडिश-बेंटिंक. ४ डिसेंबर १८२९ रोजी गव्हर्नर जनरल म्हणून त्याने सतीबंदीचा कायदा केला, आणि पुढील वर्षी तो मुंबई व मद्रास इलाख्यांतही लागू झाला. राममोहन रॉय यांच्यासारख्यांनी भूमी तयार केली होती, तरी सही करण्याचे धैर्य बेंटिंकचे होते. दुसऱ्या एका कॅव्हेंडिशाचा आपल्याशी संबंध असा की, पुण्यात १८८१ मध्ये ‘केसरी’ निघाला तेव्हा लंडनमध्ये भारतमंत्री होता लॉर्ड हार्टिंग्टन, म्हणजे पुढे झालेला आठवा ड्यूक. देशी वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदा लॉर्ड रिपनने रद्द केला तो त्याच्याच कारकिर्दीत, १८८२ मध्ये. या हार्टिंग्टनला पंतप्रधानपद तीनदा चालून आले आणि तीनदा त्याने नाकारले. आयर्लंडला स्वराज्य देण्यास मात्र त्याने कडवा विरोध केला. त्याचा धाकटा भाऊ लॉर्ड फ्रेडरिक आयर्लंडचा मुख्य सचिव म्हणून डब्लिनला पोहोचला त्याच दिवशी, ६ मे १८८२ रोजी, फीनिक्स पार्कमध्ये भोसकला गेला. त्याची विधवा लूसी हिने उरलेले आयुष्य स्त्रीशिक्षणासाठी वाहिले. केंब्रिजमध्ये १९६५ साली स्थापन झालेल्या एका महाविद्यालयाला तिचे नाव आहे.

या दोघा भावांचा बाप सातवा ड्यूक. केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत १८२९ साली दुसरा आलेला हा माणूस पुढे त्या विद्यापीठाचा कुलपती झाला, आणि प्रयोगशाळेअभावी भौतिकशास्त्र मागे पडते आहे हे दिसताच त्याने ६३०० पौंड देऊन ती बांधवून दिली. १८७४ मध्ये ती उघडली. मॅक्सवेल तिचा पहिला प्राध्यापक झाला. तेथेच १८९७ मध्ये टॉमसनला इलेक्ट्रॉन सापडला, १९३२ मध्ये चॅडविकला न्यूट्रॉन सापडला, आणि १९५३ मध्ये वॉटसन व क्रिक यांनी डीएनएची रचना उलगडली. मुंबईचे होमी भाभा यांनीही १९३० नंतरच्या दशकात त्याच प्रयोगशाळेत संशोधनाचे पहिले धडे गिरविले, आणि भारतातील अणुविज्ञानाच्या संस्था उभारताना ती परंपरा त्यांच्यापुढे होती. एका ड्यूकने आपल्या दूरच्या, किताब नसलेल्या आप्ताची, हेन्रीची, विद्या अशा रीतीने सर्वांची केली.

विसाव्या शतकात हे वैभव ओसरले. दहाव्या ड्यूकने १९४६ मध्ये मिळकत मुलाच्या नावे केली होती. पाच वर्षे तो जगता तर वारसाकर माफ होता, परंतु १९५० च्या नोव्हेंबरात, मुदतीला थोडेच आठवडे उरले असता, तो वारला आणि शेकडा ८० या दराने कर बसला. हजारो एकर जमीन विकली गेली, रेम्ब्रँट-रूबेन्सची चित्रे गेली, आणि बेसचा हार्डविक वाडा राष्ट्राच्या स्वाधीन होऊन १९५९ मध्ये नॅशनल ट्रस्टकडे आला. चॅट्सवर्थ वाचले ते अकरावा ड्यूक आणि त्याची पत्नी डेबोरा यांच्या चिकाटीने. तिने शेतमालाचे दुकान थाटले, पाहुण्यांसाठी दारे उघडली, आणि १९८१ मध्ये वाडा एका सार्वजनिक विश्वस्त निधीकडे सोपविला गेला. बेसप्रमाणेच हीही बाहेरून आलेली सून, आणि हिशेबाला तितकीच पक्की.

या घराण्याचा गौरव करताना खालसा झालेले मठ, खंड भरणारी कुळे आणि आयर्लंडमधील जमिनी यांचा विसर पडू द्यावा, असे प्रस्तुत लेखकाला मुळीच वाटत नाही; पुढील चरित्रांत त्या गोष्टी जागोजागी येतील. परंतु संपत्ती कोठून आली याबरोबरच ती कोणाच्या उपयोगी पडली, हाही प्रश्न इतिहासाला विचारावा लागतो. हॉब्जला छप्पर, हेन्रीला एकांत, पॅक्स्टनला बाग आणि केंब्रिजला प्रयोगशाळा मिळाली, हे त्या प्रश्नाचे या घराण्यापुरते उत्तर आहे. आपल्याकडेही जुनी घराणी आहेत, त्यांचे वाडे आहेत, माळ्यावर बांधून ठेवलेली दफ्तरे आहेत. त्या घराण्यांचा इतिहास लिहावयास बसणाऱ्यांनी गादीवर बसलेल्यांची वंशावळ पुरी झाल्यावर थांबू नये. सुनांची पत्रे, धाकट्यांच्या वह्या, कारकुनांचे आणि माळ्यांचे हिशेबही सोडून पाहावेत, एवढीच विनंती करून हे पुस्तक वाचकांच्या हाती देतो.